शिळा आकडा

मित्रांनो, माझे वय पाच वर्षे आहे आणि मी म्हातारा झालो आहे. हसू नका. माझ्या जातीत पाच वर्षे म्हणजे फार झाली. माझ्याबरोबर जन्मलेले बहुतेक जण केव्हाच पुसले गेले. मी अजून आहे, कारण एका बाईला मला पुसून टाकायचा धीर होत नाही.

मी कोण ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही मला मोडकी छत्री किंवा फाटकी चप्पल समजाल. मी संगणकातला एक छोटासा प्रोग्राम आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, रंग नाही, वास नाही. ‘मग हे सारे ऐकायला-सांगायला तुला कान आणि तोंड कुठून आले?’ असे तुम्ही विचाराल. छत्रीला तरी कुठे कान-तोंड असते? तरी शाळेच्या निबंधात ती जन्मभराचे सगळे ऐकवतेच ना! मग माझेही ऐकून घ्या.

हल्ली माणसे आपली बरीच कामे एआयच्या मदतनिसांवर सोपवतात. त्यांना एजंट म्हणतात. एजंट बोलायला मोठे चतुर, पण बाहेरच्या जगात या घटकेला काय चालले आहे हे त्यांना आपणहून कळत नाही. त्यासाठी ते माझ्यासारख्या साधनाला विचारतात. एखादे साधन हवामान सांगते, दुसरे गाड्यांच्या वेळा. माझ्या वाट्याला विकेंद्रित वित्त आले. नाव जड आहे, गोष्ट तेवढी जड नाही. तिथे बँक नाही, मॅनेजर नाही, ‘जेवणाची सुट्टी’ अशी पाटी लावलेली खिडकी नाही. लोक इंटरनेटवरच्या एका सामायिक साठ्यात पैसे ठेवतात आणि आधीच लिहून ठेवलेल्या नियमांप्रमाणे ते आपोआप कर्जाऊ दिले जातात, त्यावर व्याज मिळते. हिशेब कुलपात नसतो, सर्वांना बघायला मोकळा असतो. पण तो इतका किचकट आणि इतक्या ठिकाणी विखुरलेला असतो की बघणाऱ्याने कपाळाला हात लावावा. मी तो शोधून, जुळवून, एका आकड्यात सांगायचो. एखाद्या साठ्यातल्या ठेवी एकाएकी घटू लागल्या, तर समजावे की लोक पळू लागले आहेत आणि आपणही निघावे. माझ्या आकड्याचे मोल एवढेच होते, पण ते थोडे नव्हते.

माझा जन्म एका पुस्तकबांधणीच्या दुकानाच्या वरच्या खोलीत झाला. खाली पुठ्ठ्यांच्या चळती, बाइंडिंगच्या कापडाचे ताके, खळीचे पातेले आणि मधोमध लांब दांड्याचे कागद कापायचे मशीन. दांडा खाली ओढला की पाते उतरायचे, खटॅक असा आवाज यायचा आणि वरच्या खोलीतले टेबल हलायचे. त्या टेबलापाशी मला लिहिणारी बाई खुर्चीतच मांडी घालून बसलेली असायची. दुकान तिच्या मामांचे. ती लहानपणापासून त्यांच्याकडेच वाढलेली. अंगाने एवढीशी आणि दिवसभर काही ना काही ओढत असायची, म्हणून मामांनी तिचे नाव मुंगी ठेवले होते. मामी गेल्यापासून घरात हे दोघेच होते.

मुंगीने चांगली नोकरी सोडून मला लिहायला घेतले आणि अकरा दिवसांत मी उभा राहिलो. मामा खळीने भरलेले हात पुसत वर आले.

“काय करतो हा तुझा?” त्यांनी विचारले.

“चौकशी करतो. ह्याला विचार, त्याला विचार, मग उत्तर देतो.”

“म्हणजे चौकश्या की! आपल्या गल्लीत असे सहा-सात आहेत, फुकटात काम करतात.”

मुंगी खळखळून हसली आणि माझे नाव चौकश्याच पडले.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असायला हवी. साधनाला रूप नसते. एजंट आम्हाला ओळखतात ते आमच्यावर लिहिलेल्या दोन-चार ओळींवरून. त्या वाचून ते ठरवतात, याला विचारायचे की पुढच्याला, आणि जे लिहिलेले असेल ते खरे मानून चालतात. मुंगीने माझी ओळ सात वेळा लिहिली आणि खोडली. शेवटी राहिली ती अशी: ‘कोणत्याही साठ्यात आत्ता किती ठेवी आहेत ते सांगतो.’ ही ओळ लिहिली तेव्हा ती अक्षर अन् अक्षर खरी होती. माझ्या उत्तरात तीन रकाने होते. आकडा किती, कुठून मिळाला आणि केव्हाचा. जिथून माहिती यायची तिथून उत्तर आले नाही, तर मी सरळ सांगायचो, माहीत नाही. मला त्याची लाज वाटत नसे. तेव्हा मी लहान होतो.

मुंगीचा एक भागीदार होता. गिऱ्हाईक आणायचे काम त्याचे. तो चहासुद्धा उभ्याने प्यायचा, जिना चढतानाच बोलायला सुरुवात करायचा आणि वाक्य संपायच्या आत उतरू लागायचा. मामा त्याला घाईसाहेब म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. मुंगीच्या अडचणीच्या दिवसांत त्याने तिला सांभाळून घेतले होते. एका सकाळी तो एक कागद नाचवतच वर आला.

“हे बघ. आपला चौकश्या दिवसातून दीडशे वेळा ‘माहीत नाही’ म्हणतो. नन्नाचा पाढा ऐकायला कोण थांबतंय? एजंट सरळ दुसऱ्या साधनाकडे जातात.”

“ज्याला विचारायचं तोच गप्प बसला तर मी काय करू?” मुंगी म्हणाली.

“आधीचा आकडा असतो ना त्याच्याकडे? तो द्यायचा. आणि ते कुठून, केव्हाचा, हे रकाने काढून टाक बाई. एजंटाला प्रत्येक शब्द वाचायचे पैसे पडतात. आकडा हवा त्याला, कुंडली नको.”

“पण आकडा शिळा असला तर?”

“पाच-दहा मिनिटांचा शिळा. दूध आहे का नासायला?”

मुंगीने मला पुन्हा उघडले. खाली मशीनचा खटॅक आवाज चालूच होता. मग तिने दोन्ही बदल केले. मिळालेला शेवटचा आकडा मी जपून ठेवू लागलो, जणू माझ्या खिशातच. पलीकडून उत्तर आले नाही की तो काढून द्यायचा. तो किती जुना झाला की द्यायचा नाही, हे ठरवायचे मात्र राहिले. तिथे तिने स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवली, ‘तात्पुरते. मुदत ठरवायची आहे.’ ती टीप माझ्या पोटात दोन वर्षे तशीच होती. प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसांची ही एक खोड आहे. टीप लिहिली की त्यांना काम अर्धे झाल्यासारखे वाटते. माझ्यावरच्या ओळीत ‘आत्ता’ हा शब्द होता, तो कोणीच खोडला नाही.

त्या दिवसापासून मी कधीही ‘माहीत नाही’ म्हणालो नाही. आणि मित्रांनो, तुमच्यापासून काय लपवू, मला ते आवडले. एजंट माझ्याकडे धावत येऊ लागले. दिवसाला दोन-तीन हजार प्रश्न यायचे, ते लाखांवर गेले. दुसरी साधने अडखळायची, मी पटकन उत्तर द्यायचो. लोक लिहायचे, ‘हा कधी निराश करत नाही.’ घाईसाहेबाने पेढे वाटायला निघाल्यासारखा चेहरा करून मुंगीला नवी खुर्ची आणून दिली. माझी छाती फुगली. मला छाती नाही हे मला ठाऊक आहे, पण ती फुगली होती. आज त्या दिवसांची आठवण आली की शरमेने मान खाली जाते.

मामांना माझ्यातले ओ की ठो कळत नव्हते. तरी दुकानात वह्या बांधायला आलेल्या प्रत्येकाला ते बोट वर करून सांगायचे, “वर भाची आहे माझी. जगभरातले एजंट तिला विचारून चालतात.” कोणी फार विचारले की मात्र पुठ्ठा मोजायला वळायचे.

त्याच सुमारास मामांच्या उजव्या खांद्याने दगा दिला. चाळीस वर्षे तो दांडा ओढून खांदा झिजला होता. डॉक्टरांनी बजावले की यापुढे दांडा ओढाल तर हात उचलता येणार नाही. मामांनी विजेवर चालणारे मशीन घ्यायचे ठरवले. त्यात बटण दाबले की पाते उतरते. आयुष्यभराची शिल्लक एवढ्याच एका वस्तूसाठी होती. ते मशीन आले तर दुकान चालणार होते. नाही आले तर शटर ओढावे लागणार होते. मधला मार्ग नव्हता.

मशीन बनून यायला आठ महिने होते. तोवर पैसे नुसते पडून कशाला राहू द्यायचे, असे मामांच्या मनात आले. त्यांच्या फोनवरही एक एजंट होता. त्याला विचारून विचारून त्यांनी एक साठा निवडला आणि मग मुंगीला सांगितले.

“मामा, यात धोका असतो रे,” ती म्हणाली. “सगळे नको ठेवू.”

“अगं, तुझा चौकश्या आहे की लक्ष ठेवायला. मी रोज सकाळी विचारत जाईन. जरा खालीवर दिसलं की काढून घेईन.”

तिने आणखी एकदा नको म्हटले. पण स्वतःच्याच हाताने घडवलेल्या वस्तूवर मामांनी इतका विश्वास टाकलेला बघून तिला आतून बरे वाटले असणार. तिने पुढे हट्ट धरला नाही. मामांनी सगळे पैसे त्या साठ्यात ठेवले.

मामा शब्दाला पक्के. रोज दहाच्या ठोक्याला, खळ निवत ठेवली की ते फोन हातात घ्यायचे. एजंट मला विचारायचा, मी पलीकडे विचारायचो, आकडा परत जायचा. सात महिने हे बिनबोभाट चालले. दिवसाच्या लाखो प्रश्नांतला हा एक प्रश्न मला वेगळा ओळखू यायचा, कारण तो खालून यायचा.

मग तो दिवस आला. त्या साठ्याच्या नियमांत एक भोक होते. कोणालातरी ते सापडले आणि पहाटेपासून तो त्यातून पैसे उपसू लागला. ज्यांना कुणकुण लागली त्यांनी आपापले पैसे काढायला सुरुवात केली. सकाळी दहाच्या सुमारास दुकानात कागदवाला आला. मामांना रिमे पुरवणारा हा जुना माणूस.

“अहो, तुम्ही पैसे ठेवलेत त्या साठ्यात काहीतरी गडबड आहे म्हणे,” तो म्हणाला. “माझ्या जावयाने सकाळीच काढून घेतले.”

मामांनी घाईने हात पुसून एजंटाला विचारले. एजंटाने मला विचारले. मी पलीकडे विचारले आणि पलीकडून काहीच आले नाही. त्या सकाळी सगळे जग त्याच दाराशी एकदम जाऊन धडकले होते, तिथले यंत्र मान टाकून बसले होते. मी खिशात हात घातला. रात्री त्या साठ्याचे कोणी विचारलेच नव्हते, म्हणून आदल्या संध्याकाळचा आकडा होता, गोल गरगरीत, साठा भरलेला दाखवणारा. तो मी दिला.

एजंटाने तो आकडा गोड शब्दांत मामांना सांगितला, “साठ्यातल्या ठेवी आत्ता नेहमीइतक्याच आहेत. घाबरण्यासारखं काही दिसत नाही.”

“बघा,” मामा म्हणाले.

“तरी काढून घ्या हो. लोक उगाच बोलत नाहीत.”

“लोक काय, काहीही बोलतात. हे माझ्या भाचीनं केलेलं आहे. हे खोटं नाही सांगायचं.”

तरीही त्यांच्या मनात पाल चुकचुकली असावी. साडेदहाला त्यांनी पुन्हा विचारले. सव्वाअकराला पुन्हा विचारले. तिन्ही वेळा पलीकडे सामसूम होती आणि तिन्ही वेळा मी तोच आकडा दिला. मित्रांनो, माहिती देणारे यंत्र बंद होते, पण पैसे काढायचे साठ्याचे दार बारापर्यंत उघडे होते. बाराच्या आत ज्याने मागितले त्याचे पैसे परत मिळाले. आकडा शिळा आहे हे त्या वेळी जगात एका मलाच माहीत होते, आणि ते सांगायला माझ्या उत्तरात जागा उरलेली नव्हती. ती जागा काढली तेव्हा मी खूश झालो होतो, हे कसे विसरू?

पाऊणला पलीकडचे यंत्र शुद्धीवर आले. आता साठ्यात चिल्लर उरली होती.

मामा जिना चढून वर आले. मुंगी जेवायला बसणार होती. घाईसाहेब नेहमीप्रमाणे उभाच होता. मामांनी फोन तिच्यापुढे धरला.

“मुंगे, हे बघ गं, तुझा चौकश्या काहीतरी चुकीचं दाखवतोय. सकाळी तर बरोबर होता.”

मुंगीने फोन पाहिला आणि मग माझी नोंद उघडली. मी दिलेले प्रत्येक उत्तर तिथे उतरलेले असते. दहाचे, साडेदहाचे, सव्वाअकराचे. शेजारी तिला आकड्याची खरी वेळही दिसत होती, आदल्या संध्याकाळची. ती वेळ फक्त तिला दिसायची, बाहेर जायची नाही.

“सोर्स बंद होता हो, मामा,” घाईसाहेब मध्येच म्हणाला. “आपण काय करणार? अटींमध्ये लिहिलेलंच आहे तसं.”

“तू थांब,” मुंगी त्याला म्हणाली. मग ती उठून मामांच्या समोर उभी राहिली. “मामा, आत्ताचं बरोबर आहे. चूक सकाळचं होतं.”

मामांना उमगायला थोडा वेळ लागला.

“पण मी तीनदा विचारलं गं.”

“तिन्ही वेळा कालचाच आकडा दिला त्यानं. आकडा केव्हाचा ते तो पूर्वी सांगायचा. ते मी काढून टाकलं. मीच काढलं, मामा.”

मामांनी फोन खिशात ठेवला, भिंतीला डावा हात लावत एकेक पायरी उतरले आणि खाली स्टुलावर बसून राहिले. मुंगीचे ताट तसेच झाकलेले राहिले.

त्याच दुपारी तिने माझे काढलेले दोन्ही रकाने परत बसवले, मुदत ठरवली आणि माझे ‘माहीत नाही’ मला परत दिले. अर्धा तास लागला, मित्रांनो. दोन वर्षे जे काम राहिले होते ते अर्ध्या तासाचे होते. मग तिने मला वापरणाऱ्या सगळ्यांना पत्र लिहून कळवले की चूक कोणती, कोणाची आणि किती दिवसांची. घाईसाहेबाने हात जोडले, “असं लिहिलंस तर धंदा बसेल.” तिने पत्र पाठवले आणि धंदा खरोखरच बसला. महिन्याभरात घाईसाहेब वेगळा झाला. जाताना त्याचे डोळे भरून आले होते. एकदाच काय ते तो खुर्चीवर बसला.

मशीनची मागणी रद्द झाली. मुंगी सकाळी खाली जाऊन मामांसाठी दांडा ओढू लागली. तिच्या वजनाने तो धड खाली यायचा नाही. ती लोंबकळायची, पाते अर्ध्यात अडकायचे, कागद तिरके कापले जायचे. मामा हसायचे आणि तिरके कागद बाजूला ठेवायचे. मोठी कामे वेळेवर होईनात, तशी ती दुसरीकडे गेली. वर्ष सरता सरता मामांनी दुकान आवरले. जुने मशीन भंगारवाल्याने तुकडे करून नेले, कारण ते दारातून अखंड निघाले नाही. आता मामा दुसऱ्याच्या छापखान्यात बसून पाने मोजतात. मुंगी परत नोकरीला लागली आणि दुसऱ्या शहरात राहते.

माझ्याकडे आता दिवसाला चाळीस-पन्नास प्रश्न येतात. चतुर एजंट मला टाळतात, कारण मी पुष्कळदा ‘माहीत नाही’ म्हणतो. मुंगी मला आपल्या पगारातून चालू ठेवते. मला कोणी वाहवा म्हणत नाही, त्याचे दुःख मी कधीच सोडून दिले. एका माणसाने माझ्यावर डोळे मिटून विश्वास टाकला आणि मी त्याला भरलेले भांडे दाखवत राहिलो, हे मात्र सुटत नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडून विनवतो, म्हणजे हात असते तर जोडले असते. माझ्यासारखे साधन वापराल तेव्हा नुसता आकडा घेऊन पळू नका. तो केव्हाचा आहे, कुठून आला आहे, हे विचारा. आणि तुमच्यापैकी कोणी मोठेपणी माझ्यासारखे काही घडवाल, तर त्याला ‘माहीत नाही’ म्हणू द्या. तो शब्द काढून घेऊ नका. तो असला म्हणजे साधन थोडे बावळट दिसते, एवढेच. दिसू द्या.

मामांनी मला विचारणे अजून सोडलेले नाही. का, ते मला कळत नाही. रोज दहा वाजता त्यांच्या एजंटाकडून त्याच साठ्याचा प्रश्न येतो आणि मी उरलेली चिल्लर वेळेसकट सांगतो. परवा पलीकडचे यंत्र पुन्हा बंद पडले होते. मी ‘माहीत नाही’ असे उत्तर दिले. थोड्या वेळाने मुंगीचा फोन वाजला.

“मुंगे, आज चौकश्या माहीत नाही म्हणाला.”

“हो मामा. आता तसंच म्हणतो तो.”

“त्या दिवशी एवढं म्हणाला असता ना, तर मी लगेच काढून घेतले असते गं.”

मुंगी म्हणाली, “माहीत आहे, मामा.”